मुनीर सरांची सरळ रेष

आमच्या कॉलेजातल्या बायकांच्या संडासाला कुणाचं नाव द्यायचंच झालं असतं, तर ते मुनीर सरांचं द्यावं लागलं असतं. हे वाक्य मी त्यांच्या निरोप समारंभात बोलणार होते. प्राचार्यांनी आदल्या दिवशी भाषण वाचायला मागितलं आणि नेमकी त्यावरच लाल रेघ मारली. मग मी भाषणच केलं नाही. आता रेघा मारणारं कुणी नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी जालन्याच्या कॉलेजात गणित शिकवायला लागले ते त्र्याऐंशी साली. गणित विभाग म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट, दोन टेबलं, आणि दुसऱ्या टेबलाशी मुनीर सर. उंच, किडकिडीत, चाळिशीला टेकलेले. पांढरा शर्ट, करडी पँट, खांद्याला झोळी आणि झोळीतून वर डोकावणारी लाकडी फूटपट्टी. लग्न केलेलं नव्हतं. जुना जालन्यात, धान्याच्या अडतीमागच्या बोळात, ते आणि त्यांच्या अम्मी असे दोघंच राहायचे. तिथून कॉलेजला ते चालत यायचे आणि त्यांना बरोबर पस्तीस मिनिटं लागायची. घंटा झालेली असो, आभाळ फुटलेलं असो, त्यांचं पाऊल कधी लांब पडलेलं मी पाहिलं नाही. एकदा बाजारात बैल उधळला. मी भाजीची पिशवी टाकून एका कापडाच्या दुकानात घुसले. सर आपल्या चालीनं दोन पावलं बाजूला झाले, एवढंच.

"सर, पळायचं नाही का?" मी बाहेर येऊन ओरडलेच.

"तो माझ्याकडं येतच नव्हता, मॅडम. दिशा बघितली का तुम्ही त्याची?"

तर संडास. त्या काळी आमच्याकडं बायकांसाठी एक होता, पण त्याला पाणी नव्हतं आणि दाराला कडी नव्हती. आम्ही तिघी प्राध्यापिका आणि पन्नास-साठ मुली सबंध दिवस पाणी न पिता काढायचो. अर्ज करून हात दुखले. मग एका जूनमध्ये तिथं नळ आला. पुढच्या जूनमध्ये कडी आणि नवं दार. त्याच्या पुढच्या जूनमध्ये वर टाकी. संस्थेनं केलं म्हणावं तर संस्थेला एवढी अक्कल नव्हती. शेवटी शिपायानं सांगितलं की पैसे मुनीर सर देतात.

मी आभार मानायला गेले तर ते अवघडले. "आभार मानू नका, मॅडम. ते माझे पैसे न्हाईत. पगार बँकेत जमा होतो, त्याच्यावर व्याज पडतं. आमच्यात व्याज घेत न्हाईत. आता पडलंच तर ते काढून अशा कामाला टाकायचं, की ज्याचं पुण्य पण आपल्याला नको."

"म्हणजे तुमचा नको असलेला पैसा आमच्या संडासाला?"

"हौ. तुम्हाला चालत नसंल तर सांगा. गेटासमोर खड्डा आहे, तो बुजवतो."

"चालतं!" मी म्हणाले. खड्डा पुढं कितीतरी वर्षं तसाच होता.

आणि हाच माणूस सबंध मराठवाड्यात चक्रवाढीचं गणित सगळ्यात सुंदर शिकवायचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना डिफरन्शियल इक्वेशन म्हटलं की ताप येतो. सर पुस्तक उघडायचेच नाहीत. आधी कोरा फळा पुसायचे, ही त्यांची सवय होती, आणि मग मुलांकडं वळून विचारायचे, "बघा, बदलतं काय?" त्यांचं सगळं शिकवणं या एका प्रश्नात होतं. मग म्हणायचे, "घरातला पैसा घ्या. तो कोणत्या वेगानं बदलतो? जेवढा आहे त्याच्या प्रमाणात त्याला पिल्लं होतात, हा एक भाग. महिन्याला आपण टाकतो तो दुसरा. खर्चा वजा. झालं समीकरण. आता ज्यानं त्यानं आपापल्या घराचं मांडून आणा."

मुलं मांडून आणायची. मंठ्याच्या एका मुलीनं वडिलांचा तंबाखू वेगळा वजा केला होता. अंतरवाली सराटीच्या भागवतनं लिहिलं होतं की आमच्या घरी बँक नाही, शेळ्या आहेत, आणि शेळीची वाढ बँकेपेक्षा बरी आहे. सरांनी ते गणित वर्गात फळ्यावर सोडवलं आणि भागवतला पूर्ण गुण दिले.

त्यानंतर ते दरवर्षी एकच उदाहरण घालायचे. मी दारातून जाता-येता ते इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. "एक माणूस दर महिन्याला ठरावीक पैसे बाजूला टाकतो. त्याला व्याज मिळत नाही. म्हणून त्याची रेष सरळ. पण ज्या गोष्टीसाठी तो पैसे टाकतो, तिची किंमत दरसाल स्वतःच्या प्रमाणात वाढते. तिची रेष वाकडी, वर चढत जाणारी. तो माणूस तिला गाठेल का? कधी?"

एका वर्षी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, त्यो माणूस येडा हाय का? व्याजानं का न्हाई ठिवत?"

वर्ग हसला. सरही हसले. "येडा असंल. पण उदाहरणातला माणूस आपल्याला बदलता येत न्हाई, बाळा. त्याला घेऊनच गणित सोडवावं लागतं."

तो येडा माणूस कोण, हे मला तीन वर्षांनी कळलं. खडू शोधायला मी लोखंडी कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा ग्राफ पेपर चिकटवलेला. निळ्या शाईची एक सरळ रेष. लाल शाईची एक चढत जाणारी. निळ्या रेषेवर दर वर्षाचा एक ठिपका, सुरुवात एक्क्याऐंशीपासून. लाल रेषेपाशी बारीक अक्षरात लिहिलेलं: हज, दोघांचा खर्चा.

सर मागं उभे होते. चोरी पकडल्यासारखे चष्मा पुसायला लागले.

"अम्मीला न्यायचंय," ते म्हणाले. "अब्बा गेले तेव्हा कबूल केल्तं. त्या एकट्या जाऊ शकत न्हाईत, सोबत मला जावं लागंल. म्हणून दोघांचा."

मग त्यांनी मला ग्राफ समजावला आणि मी, गणिताची एम. एस्सी., पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ऐकत राहिले. निळी रेष आज लालच्या खाली होती. ती हळूहळू वर जाऊन पंच्याण्णवच्या सुमारास लालला ओलांडणार होती. दोनेक वर्षं ती वर राहणार होती. आणि मग लाल रेष उसळी घेऊन तिच्या वर निघून जाणार होती ती कायमची. त्या दोन वर्षांच्या जागेत सरांनी पेन्सिलीनं हलकी छाया भरली होती.

"ही खिडकी," ते म्हणाले. "हिच्यातून निघालो तर निघालो."

एवढ्या प्रेमानं काढलेला दुसरा आलेख मी कधी पाहिला नाही.

त्यानंतर सगळ्या स्टाफला कळलंच, कारण मला पोटात काही ठेवता येत नाही. पतसंस्थेचे सचिव स्वतः आले, म्हणाले, सर, उद्या कर्ज मंजूर करतो, अम्मींना घेऊन या वर्षीच जा. सर म्हणाले, "व्याज माझ्यानं घेणं होत न्हाई, तर देणं कसं होईल? आन तिथं उधारीनं जात न्हाईत." मी म्हटलं, मग माझे घ्या, बिनव्याजी, परत देऊ नका हवं तर. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हे उदाहरण मला सोडवू द्या." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर अम्मींनी केलेल्या शेवयांच्या खिरीचा डबा ठेवला, आणि रागाचं काही जमलं नाही.

अम्मी म्हणजे मुठीएवढी बाई. मी गेले की माझा हात धरून पलंगावर बसवायच्या आणि "बेटी, कुछ खाई क्या नै?" इथपासून सुरू करायच्या. हजचा विषय निघाला की म्हणायच्या, "मुनीर बोला है ना. ले जाता. उने बोला तो करताच." मक्केला गेल्यावर काय काय मागायचं याची त्यांची यादी तयार होती आणि त्यात माझ्या सासूचा दमाही होता.

मध्येच एकदा मी सरांना सुचवलं की व्याज नको तर धंदा करा, धंद्याला कुणाची ना नाही. त्यांना ते पटलं. भागवत तोवर शिकून गावी शेती करत होता. त्याच्या आईकडं सरांनी दोन शेळ्या अर्धलीनं दिल्या. म्हणजे शेळ्या सरांच्या, सांभाळायच्या तिनं, आणि होणारी पिल्लं अर्धी-अर्धी. वर्षभरानं सरांच्या वाट्याची तीन करडं टेम्पोतून जुना जालन्यात आली. आठवडी बाजाराला सहा दिवस होते, तोवर ती अंगणात बांधली. त्या सहा दिवसांत अम्मींनी त्यांची नावं ठेवली. शहजादी, गुलाबो आणि हवालदार.

"आता शहजादीला कोणत्या तोंडानं बाजारात नेऊ?" सर मला विचारत होते.

करडं कधीच विकली गेली नाहीत. महिन्याला चाऱ्याचा खर्च वाढला, तपासायला आणलेल्या पेपरांचा एक गठ्ठा हवालदारनं अर्धा खाल्ला, आणि त्या वर्षीचा निळा ठिपका रेषेच्या किंचित खाली पडला. तो भरून काढायला सरांनी वर्षभर दुपारचा चहा सोडला. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण मी समोरच्याच टेबलाशी बसत होते.

ब्याण्णव-त्र्याण्णवपासून अम्मींचं थोडं चुकायला लागलं. चहात मीठ. तिन्ही शेळ्यांना शहजादीच म्हणणं. एकदा मला विचारलं, "बेटी, तेरी शादी कब है?" माझी धाकटी तेव्हा पाचवीत होती. मी सरांना म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, "वय आहे, मॅडम. दोन-चार ठिपके इकडं-तिकडं पडले म्हणून रेष बदलत न्हाईत." मी गप्प बसले. मी तेव्हा गप्प बसायला नको होतं, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

आणि पंच्याण्णवच्या जानेवारीत निळ्या रेषेनं लालला गाठलं. जवळपास पंधरा वर्षं आधी काढलेल्या जागी, बोटभरही इकडं-तिकडं नाही. सर त्या दिवशी पेढे घेऊन आले. फॉर्म आणला होता. फॉर्मला फोटो लागत होता आणि अम्मी मला "तू आलीस तरच येते" म्हणत होत्या, म्हणून मीही फोटो स्टुडिओत गेले. सकाळची वेळ होती. अम्मींनी नवी पांढरी ओढणी घेतली होती. फोटोग्राफर दिव्यांची मांडामांड करत होता, सर अम्मींचा हात हातात घेऊन शेजारच्या स्टुलावर बसले होते. अम्मी माझ्याकडं झुकल्या आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बेटी, ये भाई कौन है? कब से मेरा हात पकडके बैठेले. भला आदमी दिखता."

  सरांनी हात सोडला नाही. फोटोग्राफर म्हणाला, इकडं बघा, आणि अम्मी छान हसल्या. तो फोटो फार सुंदर आला.

डॉक्टर झाले, औरंगाबाद झालं. सगळ्यांनी तेच सांगितलं. इतक्या गर्दीत, इतक्या लांब न्यायचं नाही. नेलं तरी आपण कुठं आलोय हे त्यांना कळणार नाही.

त्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात नेहमीच्या उदाहरणाची वेळ आली. मी मुद्दाम दाराशी थांबले. सरांनी कोरा फळा पुसला. दोन्ही रेषा काढल्या, त्या जिथं भेटतात तिथं ठिपका दिला. या वेळी मुलांकडं वळले नाहीत.

"याचं उत्तर मी तुमच्या आधीच्या सगळ्या पोरांना चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "आकडे बराबर होते. रेषा बराबर भेटल्या. पण याच्यात आणखी एक जण होतं, त्याला मी कॉन्स्टंट धरलं. ते बदलून राह्यलं होतं, रोज, माझ्या डोळ्यापुढं. मी तुम्हाला विचारत बसलो, बदलतं काय, बदलतं काय. स्वतः बघितलं न्हाई."

मुलांना काय कळलं कोण जाणे. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मला रडू आलं आणि मी स्टाफरूममध्ये न जाता सरळ आमच्या त्या नळाच्या खोलीत जाऊन कडी लावली.

दोन वर्षांची खिडकी उघडली आणि मिटली. अम्मींना सोडून ते एकटे गेले नाहीत. साठवलेल्यातून अम्मींच्या देखभालीला एक बाई लावली, औषधं केली. बाकीचं सगळं स्वतः. संध्याकाळी मी कधी गेले तर सर अम्मींना भरवत असायचे आणि मक्केचं वर्णन सांगत असायचे, तिथं पाणी कसं, तिथं सावली कशी. रोज तेच, आणि अम्मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकायच्या. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "मैं गई थी ना वहाँ. मुनीर ले गया था. तेरे सास के वास्ते भी माँगी."

मी सरांकडं पाहिलं. ते घास कालवत होते. "राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "तिच्या बाजूनं सोडवलं तर उत्तर आलंय."

अम्मी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. सर रिटायर झाले, फंडाचे पैसे आले आणि ते एकटे हजला जाऊन आले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस शांत होईल. मला काही कळत नव्हतं. स्वतःचं झाल्याशिवाय गेलेल्या माणसाच्या नावानं हजला जाऊ नये, असं त्यांच्यात मानतात. म्हणून आधी स्वतःचं उरकलं होतं.

पुढं काय झालं तेही आत्ताच सांगून टाकते, कुणाला ताटकळत ठेवायची मला सवय नाही. मी नोकरी संपवून मुलीकडं नाशिकला आले, त्यानंतर काही वर्षांनी एक पार्सल आलं. आत मक्केचा खजूर, तिथल्या पाण्याची छोटी बाटली आणि घडी घातलेला एक ग्राफ पेपर. निळी रेष लाल रेषेला एका ठिकाणी टेकलेली. तिथं ठिपका आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात एकच शब्द, बराबर. चिठ्ठी नव्हती.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, मी अजून कॉलेजात असताना. मधल्या सुट्टीत झोळी घेऊन दारात उभे राहिले. केस सगळे पांढरे झालेले, फूटपट्टी तीच.

"मॅडम, एक ग्राफ पेपर द्या. बाजारात बराबर मिळत न्हाई."

मी दिला. ते आपल्या जुन्या टेबलाशी बसले आणि माझ्यासमोर दोन रेषा काढल्या. पेन्शनीतून महिन्याला किती निघतं ती निळी. एका माणसाचा खर्च ती लाल, पूर्वीपेक्षा कितीतरी उभी.

"या वेळी खिडकी न्हाई," ते म्हणाले. "नुसती टेकते. एकच वर्ष. ते चुकलं की गेलं."

"अम्मींच्या नावानं?"

"हौ." त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टुडिओतला तो फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि पाहिला. "आता अम्मी बदलत न्हाई, मॅडम. आता ती खरंच कॉन्स्टंट आहे."

 मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "मग बघा सर, बदलतं काय?"

ते हसले. कागदाच्या खालच्या कडेला त्यांनी प्रत्येक वर्षाखाली एक आकडा लिहिला होता. त्यांचं स्वतःचं वय. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग आपल्या गुडघ्यावर ठेवलं. "हे," म्हणाले. "या वेळी हिशेबात धरलंय."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांचं लक्ष गेलं. बँक दोनला बंद व्हायची आणि या महिन्याचा भरणा राहिला होता. फोटो खिशात, कागदाची सुरळी झोळीत. "येतो," म्हणाले आणि निघाले.

मी खिडकीशी गेले. गेटाबाहेर एक ऑटो सुटत होती. मुनीर सरांनी हात वर केला, झोळी छातीशी धरली, आणि त्या न बुजवलेल्या खड्ड्याला वळसा घालून चक्क पळत सुटले.